पगार, तिकीट आणि चार तास

श्रोतेहो, जामखेडहून नगर सुमारे 75 किलोमीटर. वाट आष्टी, कडा अशी बीड जिल्ह्यातून जाते. म्हणजे आपल्याच जिल्ह्याच्या गावाला जायला दुसरा जिल्हा ओलांडायचा! 2022 साली नगरहून आष्टीपर्यंत रेल्वे आली, पण जामखेडला रेल्वे नाही. आमची भिस्त एसटीवरच.

मोहल्ल्यातली पोरं विचारतात, "चाचा, इथं 12 हजार मिळतात, नगरच्या एमआयडीसीत 18 म्हणतात. रोज जाऊन-येऊन करू का?" मी कवितेचा माणूस, पण हा हिशेब पाटीवरच मांडलेला बरा.

एका बाजूचं तिकीट 130 रुपये धरू. एसटीच्या मासिक पासाला 20 दिवसांचं भाडं भरून महिनाभर प्रवास करता येतो. म्हणजे 5,200 रुपये. वाढलेल्या 6,000 मधले 800 उरले. स्टँडपासून नागापूरपर्यंतची रिक्षा आणि चहा-वडापाव यांत तेही गेले. मुलीचं गणित निराळं. मार्च 2023 पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे. पास न काढताही तिचे 26 दिवसांचे 3,380 होतात. रिक्षा-चहा सोडून 2,620 तिच्या हाती राहतात.

आता घड्याळाकडे बघा. जायला दोन तास, यायला दोन तास. 26 दिवसांचे 104 तास झाले. आठ तासांची एक पाळी, अशा तेरा पाळ्या! महिन्याला तेरा पाळ्या आपण खिडकीशी बसून भरतो. त्या तासांचे तिला ताशी 25 रुपये सुटले, त्याला 8 सुद्धा नाहीत. रमजानमध्ये रोजा गाडीतच सुटतो. शेजारचा माणूस पाण्याची बाटली पुढे करतो, तेवढाच दिलासा.

तरीही पोरं जातात, आणि ती काही वेडी नाहीत. चांगल्या कारखान्यात पगाराची तारीख ठरलेली असते. पीएफ कापला जातो, त्यात मालकही भर घालतो. आजारपणाला ईएसआय असतं. मशीनवर हात बसला की पुढच्या ठिकाणी भाव वाढतो. गावातल्या दुकानात मात्र दहा वर्षांनंतरही पोऱ्या तो पोऱ्याच राहतो.

मला वाटतं, दुखणं इथंच आहे. बाहेरच्या पगारातून तिकीट वजा जाता काय उरतं, हे गावातला मालकही जाणून असतो, आणि तेवढ्यावरच तो पगार बांधतो. 20 पेक्षा कमी माणसं कामाला असली तर पीएफ सक्तीचा नाही, हे खरं. पण ठरल्या तारखेला पगार द्यायला, आठवड्याची सुट्टी द्यायला, काम शिकवायला मोठा कारखाना कशाला लागतो?

आमच्या भागाला जाणं नवं नाही. दिवाळीनंतर उचल घेऊन, मुलाबाळांसह ऊसतोडीला जाणारी कुटुंबं आम्ही पाहत आलो. रोज रात्री घरी परतणारा त्यांच्यापेक्षा नशिबवानच. पण काम माणसाच्या दारी आणता येतं, हेही जामखेडनेच दाखवलं आहे. 1970 साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे इथं आले. त्यांनी खेड्यातल्या, फारशा न शिकलेल्या बायकांना आरोग्यसेविका केलं, तेही त्यांच्याच गावात. ते काम पाहायला जगभरातून माणसं आली.

तेव्हा पोरांनो, नुसता पगाराचा आकडा ऐकून निघू नका. काम कंपनीचं की ठेकेदाराचं, हे आधी विचारा. पगाराची चिठ्ठी मिळेल का, पीएफ भरतात का, हेही विचारा. हाताला कसब लागणार असेल तर दोन वर्षं जरूर जा, पण मुदत ठरवून जा. नुसती ओझी उचलायची असतील तर ती गावातही आहेत, आणि ते चार तास घरच्यांना देता येतील. गावातल्या दुकानदार बांधवांना एवढंच सांगेन, की चांगला हात पहाटेच्या गाडीत बसण्याआधी त्याच्याशी एकदा पगाराचं बोला.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)