बिघाड कुठे असतो?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)



मी कविता लिहिणारा माणूस. शिक्षण बी.ए., तेही मराठी घेऊन. घरच्या ब्रॉडबँडवर बोलायचं निमंत्रण आलं, तेव्हा बायको हसून म्हणाली, "तुम्ही बोलणार? तुम्हाला फ्यूज बदलायला शेजारचा माणूस लागतो!" खरं आहे ते. तरीही मी हो म्हणालो. गेल्या वर्षी आमच्या घरचं इंटरनेट पाच दिवस बंद होतं. त्या पाच दिवसांत मी बऱ्याच चुका केल्या आणि त्या चुकांतून थोडं शिकलो. ते कुणाच्या तरी उपयोगी पडावं, एवढाच आजच्या बोलण्यामागचा हेतू.

आमचं घर मिरजेचं. जुनं, जाड दगडी भिंतींचं. अम्मीनं ऐंशी ओलांडली आहे. तिला ऐकू येणं जवळजवळ संपलंय. कानाचं मशीन आणलं, पण त्यातून नुसता कलकलाट येतो म्हणून ते डबीतच पडून असतं. समोरच्याचे ओठ बघून ती बोलणं समजून घेते. माझी धाकटी बहीण कुवेतला असते. तिथे शुक्रवारी सुट्टी. दर जुम्म्याला रात्री साडेआठला, म्हणजे तिच्या घड्याळात सहा वाजता, ती व्हिडिओवर येते. अम्मी आठ वाजल्यापासूनच चष्मा पुसून तयार असते. साधा फोन तिच्या कामाचा नाही. मोबाइलचं नेट आमच्या भिंतींच्या आत रडतखडत येतं, चित्र मध्येच थिजतं आणि माणसाचे ओठ अर्धवट उघडे राहतात. त्यामुळे आमच्या घरात ब्रॉडबँड म्हणजे अम्मीचे कान.

बकरी ईदच्या आधी आम्ही घराला रंग काढला होता. सामान इकडचं तिकडे झालं होतं. त्या गडबडीत बुधवारी संध्याकाळी डब्यावर लाल दिवा लुकलुकायला लागला. नेट बंद.

मी काय केलं असेल? जे सगळेच करतात ते. डबा बंद केला, चालू केला. पुन्हा बंद केला, पुन्हा चालू केला. मग कंपनीला फोन लावला आणि पलीकडच्या मुलीवर ओरडलो. ती शांतपणे विचारत होती, "सर, कोणता दिवा लाल आहे?" मी म्हणालो, "दिवे मोजायला मी पैसे भरतो का?" फोन ठेवला. गल्लीतला एक हुशार मुलगा आला. त्यानं डब्यामागच्या बारीक भोकात टाचणी घातली आणि दाबून धरली. दिवे सगळे विझले, पुन्हा लागले. लाल होता तो लालच राहिला.

शुक्रवार आला. साडेआठ वाजले, नऊ वाजले. अम्मीनं माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "छोटी कू क्या हुआ रे? मेरे सू छुपाते क्या?"

ती मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकली आहे. मी पाटीवर लिहिलं, 'नेट बंद आहे. छोटी खुशाल आहे.' तिनं वाचलं आणि पाटी बाजूला ठेवली. श्रोतेहो, तिच्या संशयाला कारण होतं. माझे मामा वारले तेव्हा अम्मी आजारी होती, म्हणून ती बातमी आम्ही तिच्यापासून दोन दिवस लपवली होती. ते ती विसरलेली नव्हती. शनिवारी मुलगा हमरस्त्यावर जाऊन बहिणीनं पाठवलेला व्हिडिओ मोबाइलवर उतरवून घेऊन आला. अम्मीनं तो पाहिला आणि म्हणाली, "ये पुराना है." त्या रात्री ती जेवली नाही.

सोमवारी दुपारी कंपनीचा माणूस आला. पंचविशीतला पोरगा, मोटारसायकलला शिडी बांधलेली. त्यानं काय केलं, ते मी जवळ उभं राहून पाहिलं. डब्यात खोचलेली बारीक तार काढून त्यानं हातातल्या मीटरला लावली. आकडा आला उणे एकतीस. तो म्हणाला, "काका, उणे पंचवीसच्या आसपास असेल तर चालतं. उण्यापुढचा आकडा जितका मोठा, तितका उजेड कमी."

उजेड? मी विचारलं. तेव्हा त्यानं समजावलं. या तारेत तांबं नसतं, काच असते. तिच्या आतल्या ज्या भागातून संदेश जातो, त्याची जाडी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही कमी. त्यातून संदेश येतो तो प्रकाशाच्या रूपानं. हा प्रकाश अवरक्त असतो, डोळ्याला दिसत नाही. म्हणूनच निघालेल्या टोकात 'बघू या काही दिसतंय का' म्हणून डोळा लावायचा नसतो. रस्त्यावरच्या एका तारेतला प्रकाश वाटून बत्तीस किंवा चौसष्ट घरांना दिला जातो, त्यामुळे आपल्या वाट्याला तो मोजकाच येतो. आणि काच दुमडली की प्रकाश वळणावर बाहेर सांडतो, पुढे पोहोचत नाही.

मग त्यानं खिशातून पेनासारखी एक बॅटरी काढली आणि तारेच्या टोकाला लावली. तिचा प्रकाश मात्र दिसणारा, लालभडक. खोलीतला दिवा मालवला. आम्ही तारेच्या मागोमाग भिंतीकडेनं गेलो. अम्मीच्या लाकडी कपाटामागे एका ठिकाणी तार लाल लाल उजळली होती, निखाऱ्यासारखी.

"काका, हे कपाट कधी सरकवलं?"

मी गप्प. रंगाऱ्यासाठी ओढलेलं कपाट बुधवारी मीच परत लोटलं होतं. तार त्याच्यामागे चिमटली होती. पाच दिवस मी कंपनीला, सरकारला, रस्ते खणणाऱ्यांना शिव्या दिल्या. बिघाड माझ्या हातून, माझ्याच घरात झाला होता.

पोरानं चिमटलेला तुकडा कापला, नवं टोक बसवलं. मीटर उणे एकोणीस. लाल दिवा विझला. तरी नेट सुरू होईना! कारण टाचणी. त्या भोकातलं बटण दाबून धरलं की डब्यातली सगळी माहिती पुसली जाते. कंपनीनं दिलेलं नाव आणि परवलीचा शब्द त्यात होता, तोही गेला. तो ऑफिसकडून मागवून पुन्हा भरेपर्यंत आणखी तास गेला. बंद करून चालू करणं म्हणजे डब्याला झोपवून उठवणं. टाचणीनं रीसेट करणं म्हणजे त्याची स्मृती घालवणं. दोन्हींत फार फरक आहे. सांगितल्याशिवाय टाचणी लावू नका.

आमच्या गावात सतार-तंबोरे घडवणारे कारागीर आहेत. त्यांच्यापैकी एक माझे मित्र. ही हकिगत ऐकून ते म्हणाले, "तंबोरा नीट बोलत नाही म्हणून आम्ही आधी भोपळा फोडत नाही. तार बघतो, मग घोडी, मग जवारी. एका वेळी एकच गोष्ट." मला वाटतं, घरातलं इंटरनेट दुरुस्त करण्याचं सगळं शास्त्र यात आलं. मी माझ्यापुरते चार टप्पे ठरवले आहेत: वीज, वाट, डबा आणि हवा. याच क्रमानं बघायचं.

पहिली वीज. डब्यावर एकही दिवा नसेल, तर प्लग आणि अ‍ॅडॉप्टर तपासा. डबा पुन्हा पुन्हा आपोआप बंद-चालू होत असेल, तर अ‍ॅडॉप्टर म्हातारा झालेला असू शकतो. नवा घेताना जुन्यावर छापलेले व्होल्ट तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा थोडे जास्त चालतात. विजा कडाडायला लागण्याआधीच प्लग काढून ठेवावा. बंद करून चालू करायचं असेल, तर अर्धा मिनिट थांबा. मोडेम आणि राउटर असे दोन वेगळे डबे असतील, तर आधी मोडेम लावा, त्याचे दिवे स्थिर झाले की मग राउटर.

दुसरी वाट, म्हणजे बाहेरून येणारी तार. काचेची तार असेल तर डब्यावर 'एलओएस' अशी अक्षरं शोधा. तिथे लाल दिवा म्हणजे प्रकाश येत नाही. 'पॉन'चा हिरवा दिवा स्थिर असावा. तो लुकलुकत राहिला, तर डबा कंपनीच्या यंत्राशी ओळख पटवायची धडपड करतोय असं समजा. लाल दिवा असताना मोबाइलच्या सेटिंगमध्ये काहीही केलं, तरी फरक पडणार नाही. तार कुठे दुमडली, चिमटली, उंदरानं कुरतडली, खुर्चीखाली आली, एवढं बघा. जास्तीच्या तारेचं वेटोळं मोठं ठेवा, खिळ्याला आवळून बांधू नका. घरात हलवाहलव करणार असाल, तर आधी तार कुठून गेली आहे ते पाहा. हे वाक्य मला महागात पडलं आहे.

ज्यांच्याकडे अजून टेलिफोनची तांब्याची तार आहे, त्यांनी आधी फोन कानाला लावावा. खरखर ऐकू आली तर तारेच्या सांध्यात पाणी किंवा गंज शिरलेला असतो, आणि तीच खरखर नेटलाही मारते. या तारेवर आवाज आणि इंटरनेट एकत्र येतात. ते वेगळे करणारी छोटी डबी म्हणजे स्प्लिटर. घरात दुसरा फोन जोडला असेल, तर तोही त्या डबीतून किंवा फिल्टरमधूनच जोडलेला हवा. पावसाळ्यात दरवर्षी नेट रडत असेल, तर तक्रारीत खरखरीचा उल्लेख जरूर करा.

तिसरा डबा. दिवे सगळे ठीक, पण नेट नाही. अशा वेळी वायफाय बाजूला ठेवा आणि लॅपटॉप केबलनं थेट डब्याला जोडा. केबलवर सगळं नीट चाललं, तर कंपनीची लाइन चांगली आहे, दोष हवेत आहे. केबलवरही नाही, तर दोष डब्यात, त्यातल्या माहितीत किंवा कंपनीकडे. एवढ्या एका परीक्षेनं निम्मा शोध संपतो. वेगळा राउटर असेल, तर बाहेरून येणारी केबल 'वॅन' लिहिलेल्या भोकातच हवी. सफाईनंतर ती शेजारच्या भोकात गेलेली मी दोन घरांत पाहिली आहे. कधी व्हॉट्सअ‍ॅप चालतं, पण कुठलंच संकेतस्थळ उघडत नाही. संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आकडा शोधून देणारी एक डिरेक्टरी असते, तिला डीएनएस म्हणतात. ती झोपली की असं होऊ शकतं. सेटिंगमध्ये तिच्या जागी ८.८.८.८ किंवा १.१.१.१ हा पत्ता घातला, तर अनेकदा काम होतं.

चौथी हवा, म्हणजे वायफाय. बहुतेक राउटर दोन लहरींवर बोलतात. २.४ गिगाहर्ट्झची लहर लांब जाते, पण संथ. ५ गिगाहर्ट्झची वेगवान, पण भिंत आली की दमते. आमच्यासारख्या दगडी घरात हा फरक फार जाणवतो. आपण डबा कुठे ठेवतो? टीव्हीमागे, लोखंडी कपाटावर, कोपऱ्यात, वर शोभेचा रुमाल घालून! तो घराच्या मध्यावर, उंचावर, मोकळा ठेवा. आरसा, पाण्याची टाकी, मायक्रोवेव्ह यांच्यापासून दूर. मायक्रोवेव्हची लहरही २.४ च्याच आसपासची असते. आम्ही शेवटी अम्मीच्या खोलीपर्यंत केबल ओढली आणि तिथे दुसरा छोटा राउटर लावला. दगडाशी भांडण्यात अर्थ नव्हता.

वेगाबद्दलही एक शब्द. २००४ च्या सरकारी धोरणात सेकंदाला २५६ किलोबिट वेगाला ब्रॉडबँड म्हटलं होतं. २०२३ पासून किमान २ मेगाबिट हवेत. जाहिरातीतला आकडा मेगाबिटचा असतो, फाइलचा आकार मेगाबाइटमध्ये. एका बाइटमध्ये आठ बिट. म्हणून १०० चं कनेक्शन असूनही फाइल सेकंदाला साडेबारा मेगाबाइटच्या वर उतरत नाही. त्यात फसवणूक नसते.

आता तक्रार. कंपनीला फोन करताना तीन गोष्टी हाताशी ठेवा: कोणता दिवा कोणत्या रंगाचा, बिघाड कधीपासून, केबलवर काय झालं. तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या. दाद लागली नाही, तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं. २०१२ च्या नियमांनी ही दुसरी पायरी ठेवली आहे आणि तिला पैसे पडत नाहीत. आणि पलीकडे बोलणाऱ्या मुलीवर ओरडू नका. ती बरोबर प्रश्न विचारत होती. मी दिव्याचं नाव सांगितलं असतं, तर लाइनमन बुधवारीच नोंदला गेला असता आणि अम्मीचा जुम्मा वाचला असता.

त्या सोमवारी नेट सुरू झालं, तेव्हा बहीण कामावर होती. आमचा निरोप मिळताच ती जिन्यात येऊन उभी राहिली आणि तिथूनच व्हिडिओ लावला. अम्मी तिच्या ओठांकडे बघत राहिली. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "दुबली हो गई." त्यानंतर तिनं त्या पोराला चहा दिल्याशिवाय सोडलं नाही, आणि बिस्किटांचा पुडा त्याच्या खिशात कोंबला.

मी मात्र अम्मीच्या पाटीवर एक ओळ लिहिली: 'कपाट मीच सरकवलं होतं.' तिनं वाचलं, पदरानं पुसून टाकलं आणि माझ्या पाठीवर हात ठेवला.

घरात काही बंद पडलं, की आपला हात लगेच दुसऱ्याकडे बोट दाखवायला उठतो. तो हात आधी तारेवरून फिरवा, आपल्या घराच्या आतून, सावकाश. पुष्कळदा बिघाड तिथेच कुठेतरी सापडतो.