गोळी भट्टीपर्यंत पोचते का?

पालघर जिल्ह्याच्या आठही तालुक्यांतून आलेले डॉक्टर, औषध विक्रेते, परिचारिका आणि आशाताई,

बोईसरमधल्या एका जनरल प्रॅक्टिशनरला तुम्ही या सभेचे अध्यक्ष केलेत. म्हणून दवाखान्यात रोज दिसते त्याविषयीच बोलतो: फिटच्या, म्हणजे अपस्माराच्या, गोळ्यांविषयी.

शिमग्याच्या आधी मोखाड्याकडची एक बाई वीटभट्टीवरून आली. उजवा हात चुलीत भाजलेला. पदराची गाठ सोडून तिने गोळ्यांची रिकामी पट्टी पुढे केली. दुकानात दाखवायला जपलेली. पण गोळ्या कापून देताना नावाची बाजूच गेली होती. उरला होता ‘१००’ हा आकडा. त्यावरून दुकानदार काय देणार? अकरा दिवस गोळी नव्हती. बाराव्या दिवशी भाकरी थापताना फिट आली.

गोळी फेनिटॉइनची होती. मेंदूच्या पेशी विजेच्या स्पंदनांनी एकमेकींना निरोप देतात. फिटमध्ये असंख्य पेशी एकदम, न थांबता स्पंदू लागतात. सोडियम आत घेणारी पेशींची दारे मिटली की फेनिटॉइन आणि कार्बामाझेपिन ती लगेच पुन्हा उघडू देत नाहीत. नेहमीचे स्पंदन चालू राहते, सुसाट सुटलेले अडते. फिनोबार्बिटोन गाबा या शांतवणाऱ्या रसायनाचा जोर वाढवते. पण यातले एकही औषध आजार मुळापासून काढत नाही. रक्तात आहे तोवरच त्याचा पहारा. एकदम बंद केले, तर फिट्स लागोपाठ येऊन जीवावर बेतते.

फिनोबार्बिटोन १९१२ पासून, फेनिटॉइन १९३८ पासून वापरात आहे. औषधे नीट घेतली तर दहापैकी सहा-सात रुग्णांच्या फिट्स थांबतात. तारापूर एमआयडीसीतून औषधांचा कच्चा माल ट्रक भरभरून बाहेर जातो, आणि त्याच जिल्ह्यातली बाई नाव नसलेली पट्टी घेऊन फिरते. मला हे सहन होत नाही.

दुष्परिणामांची भीती मात्र खोटी नाही. रात्रपाळी करणाऱ्या एका तरुणाचे फेनिटॉइन मी ३०० मिलिग्रॅमवरून ४०० केले. यकृताची पचवण्याची ताकद एका मर्यादेनंतर संपते. मग थोडा डोस वाढला तरी रक्तातले औषध भरमसाट चढते. आठवड्यात तो झोकांड्या खाऊ लागला. गेटवर ‘पिऊन आलास’ म्हणून परत पाठवला. चूक माझी होती. त्याची जागरणे फिटला आमंत्रण देत होती, आणि मी पाळीबद्दल विचारलेच नव्हते. हिरड्या सुजणे हाही याच गोळीचा त्रास. क्षयाचे आयसोनियाझिड सुरू झाले, तरी ती रक्तात साचते. कार्बामाझेपिनवर अंगावर पुरळ उठले, तर त्याच दिवशी बोलवा. लेव्हेटिरासिटामने काहींची चिडचिड वाढते. घरच्यांना आधीच सांगा.

व्हॅल्प्रोएट मुलींना लिहिताना हात थांबू द्या. पोटातल्या बाळाच्या मणक्यात दोष राहू शकतो, पुढे बुद्धीवरही परिणाम होतो. हिंदू विवाह कायद्यातून अपस्माराची आडकाठी १९९९ मध्ये गेली, तरी घरे आजार लपवतात. लग्न ठरल्याचे आपल्याला कळत नाही. म्हणून लग्नाची चौकशी आपणच आधी करायची.

दिवाळी झाली की जव्हार, मोखाडा, विक्रमगडची कुटुंबे उचल घेऊन भट्ट्यांवर उतरतात, ती पावसाच्या तोंडावर परततात. आपले औषध मात्र महिन्याच्या हिशेबाने त्याच केंद्रावर वाट पाहते. माझी मागणी आहे, निघण्याआधी त्यांना तीन महिन्यांच्या गोळ्या द्याव्यात, सोबत नाव आणि डोस लिहिलेले जाड कार्ड. विक्रेते बंधूंनो, पट्टी कापताना नावाची बाजू शेवटपर्यंत राखा.

त्या बाईला मी असे कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून दिले. तिला वाचता येत नाही, म्हणून रात्रीच्या गोळीसाठी चंद्र काढला. पुढच्या खेपेला ती आली तेव्हा पट्टीत चार गोळ्या शिल्लक होत्या, आणि चंद्राखाली प्रत्येक रात्रीचे कोळशाने काढलेले एकेक टिंब.