पडद्यावरचा तमाशा आणि कवठ्याची लेखणी



शिरूर तालुक्यातील कवठे येमाई हे बशीर मोमीन कवठेकर यांचे गाव. २०२१ साली निवर्तलेल्या या लोककवीने तमाशाफडांसाठी गण-गवळणी, लावण्या आणि वग लिहिले. राज्य शासनाचा विठाबाई नारायणगावकर जीवनगौरव पुरस्कारही त्यांना लाभला. तमाशावरील चित्रपटांचे मोल अशाच गावातून जोखावयास हवे.

'पिंजरा'त (१९७२) मास्तरांचे अधःपतन, तर 'चंद्रमुखी'त (२०२२) राजकारण्याचे प्रेम. दोन्हींत नर्तिका मोहाचे निमित्त ठरते. 'चंद्रमुखी'चे संगीत श्रवणीय, नृत्ये देखणी. परंतु गण, गवळण, बतावणी, लावणी, वग या परंपरेतून पडद्यावर ठसते ती लावणीच. 'नटरंग'ने (२०१०) मात्र कलेपायी नाच्या होणाऱ्या गुणाची अवहेलना दाखविली; म्हणूनच तो अंतःकरणाला भिडतो.

तरीही ज्याच्या शब्दांवर फड उभा राहतो, तो कवी दुर्लक्षितच राहिला. वास्तविक १९४७ च्या 'लोकशाहीर रामजोशी'ने कवीलाच नायक केले होते. ती दृष्टी मराठी चित्रपटाने पुन्हा स्वीकारावी. घुंगरांना टाळी मिळतेच. त्यामागच्या लेखणीचे ऋण फेडणे अजून बाकी आहे.