साडेतेरा हजार किलोमीटर आणि तीन जिने



नववीत भूगोलाच्या बाईंनी एकदा पृथ्वीगोल आणि शिवणाचा दोरा वर्गात आणला होता, आठवतं? दोऱ्याचं एक टोक मुंबईवर, दुसरं सॅन फ्रान्सिस्कोवर. दोरा ताणला तर तो वर सरकत पार आर्क्टिककडून गेला. बाई म्हणाल्या, "भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून हे अंतर मोजू नका." तेव्हा मी ते परीक्षेपुरतं लक्षात ठेवलं. पुढे नोकरीनिमित्त त्याच दोऱ्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन राहिले.

ते अंतर साधारण 13,500 किलोमीटर भरतं. डिसेंबर 2022 मध्ये एअर इंडियाचं थेट विमान सुरू झालं, तेव्हा सोळा-सतरा तासांत मुंबई म्हणून आम्ही खूश होतो. पण विमानाचा वेळ म्हणजे प्रवासाचा वेळ नव्हे. हे मला 2024 च्या फेब्रुवारीत कळलं.

माझ्याकडे दुपारचा दीड, ठाकूरद्वारला पहाटेचे तीन. बाबांचा फोन आला, "आईचं तोंड वाकडं झालंय, बोलता येत नाहीये." शेजारचं दार वाजवायचं सोडून त्यांनी फोन लावला तो मला! मी आपल्या वर्गातल्या दोघांना फोन केला. त्यांची नावं घेतलेली त्यांना आवडणार नाहीत. दोघं दहा मिनिटांत चाळीत पोचले. लिफ्ट नाही. आईला खुर्चीत बसवून त्यांनी तीन जिने उतरवलं, टॅक्सी थांबवली आणि तासाभरात रुग्णालयात नेलं.

मेंदूत अडकलेली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन झटका आल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. आईला ते वेळेत मिळालं. मला थेट विमानाचं तिकीट मिळालं नाही, दुबईमार्गे आले. घराला कुलूप लावल्यापासून आईच्या खाटेजवळ उभी राहीपर्यंत 29 तास लागले. थेट विमान मिळालं असतं, तरी साडेचार तासांत मी पोचले नसतेच.

आई आज तिसऱ्या रांगेत बसली आहे. उजव्या हातात अजून जोर कमी आहे, पण टाळ्या वाजवते.

आभार मानून मी मोकळी होणार नाही. आपल्यातले बरेच जण बाहेर आहेत आणि आईवडील इथे. म्हणून बाहेर दारापाशी एक वही ठेवली आहे. प्रत्येकाने आपल्या आईवडिलांचा पत्ता, चालू औषधं, डॉक्टरांचा नंबर आणि जवळ राहणाऱ्या दोघांची नावं त्यात लिहावीत. एक किल्ली त्या दोघांपैकी कुणाकडे तरी ठेवावी. आणि आईवडिलांना बजावून सांगावं, की पहिला फोन आम्हाला नाही, त्यांना करा.

वहीतलं पहिलं पान मी भरलं आहे. जेवायला जाण्याआधी दुसरं कोण भरतंय?