किल्ला पाहावयास जातांना



ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगीं वसईच्या किल्ल्याविषयीं चार शब्द सांगावेसे वाटतात. इ. स. १५३४ मध्यें गुजरातच्या बहादूरशहानें वसई पोर्तुगीजांस दिली, आणि हें त्यांच्या उत्तर प्रांताचें मुख्य ठाणें झालें. तटाच्या आंत वाडे, मठ व देवळें उभीं राहिलीं. याच वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया यांनीं ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं जपानांत नागासाकी येथें क्रुसावर प्राण अर्पण केला.

इ. स. १७३९ मध्यें चिमाजी आप्पांच्या सैन्यानें सुरुंग लावून तट फोडला व मे महिन्यांत किल्ला घेतला. देवळांच्या घंटा देशावर गेल्या. त्यांतील एक वाईजवळ मेणवलीस आजही आहे. राज्य गेलें, परंतु मागें राहिलेल्या गरीब शेतकरी व कोळी कुटुंबांनीं आपली श्रद्धा घरोघर जपली. आपण त्यांचेच वंशज आहों.

आज तेथें हौशी लोक सहलीस येतात, छायाचित्रें काढतात. त्यांनीं अवश्य यावें. पण छप्पर गेलेल्या त्या देवळांच्या फरशीखालीं माणसें निजलीं आहेत, आणि कबरींवरील अक्षरें पावलांखालीं झिजत आहेत. भिंतींवर नांवें कोरणाऱ्यांस हें कोण सांगणार? आपणच सांगावयास हवें.

म्हणून मुलांस घेऊन जा. कबरीचा दगड वळसा घालून ओलांडा. तटाच्या आंत व बाहेर पडलेल्या सर्वांसाठीं, मग ते पोर्तुगीज असोत वा मराठे, गुडघे टेकून एक प्रार्थना म्हणा.

प्रभु आपणां सर्वांस आशीर्वाद देवो.