पऱ्हाटीचा निखारा आणि तुसाची राख
(हिंगणा येथील पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले भाषण)



कापूस वेचून झाला की आपल्या तालुक्यात शेतोशेती पऱ्हाटी उरते. थोडी चुलीत जाते, पुष्कळशी धुऱ्यावर पेटवली जाते. तिच्या राहिलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडते, म्हणून ती शेतातून काढलीच पाहिजे. पण जाळायचीच, तर भट्टीत का नको?

जळण दोनदा जळते. आधी ज्वाळा दिसते ती वायूंची. सेल्युलोज बहुतांशी त्यातच जाते. मागे कोळसा उरतो, त्यात लिग्निनचा वाटा मोठा. तो निखारा होऊन सावकाश जळतो. कसा जळेल, हे मात्र त्यातल्या खनिजांवर फार अवलंबून असते.

भंडारा-गोंदियाकडचे धानाचे तूस घ्या. त्यात वजनाच्या १५ ते २० टक्के राख, आणि त्या राखेत ९० टक्क्यांच्या आसपास सिलिका, म्हणजे वाळूचेच द्रव्य. या सिलिकेच्या जाळीत कार्बन कोंडला जातो, हवा आत पोचत नाही. तुसाची राख काळपट राहते ती यामुळेच. तो काळेपणा म्हणजे न जळलेले इंधन!

पऱ्हाटीत राख तुसापेक्षा पुष्कळच कमी, आणि तिच्यात पोटॅशियम व कॅल्शियम. पोटॅशियम उत्प्रेरकाचे काम करते, म्हणून कोळसा कमी उष्णतामानाला पेट घेतो. प्रयोगशाळेत काड्या पाण्याने धुऊन पोटॅशियम काढले, तर तोच कोळसा पेटायला अधिक उष्णता मागतो. अंगणात पावसात भिजत पडलेल्या काड्यांतूनही ते थोडे निघून जातेच.

हे ज्ञान पुस्तकातच राहिलेले नाही. पुण्याच्या 'आरती' संस्थेला उसाच्या पाचटापासून कोळसा करण्याबद्दल २००२ साली अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला. नागपूरच्या जिनिंग प्रशिक्षण केंद्रात पऱ्हाटीच्या कांड्या करण्याचे तंत्र शिकता येते. विज्ञान घेतलेल्या मुला-मुलींनी ते एकदा पाहून यावे.

मात्र पऱ्हाटी विकायची असेल, तर पालकांनी एक ध्यानात ठेवावे. मुळासकट उपटली की माती सोबत येते. मातीतली सिलिका आणि काडीतले पोटॅशियम भट्टीच्या तापात मिळून काचेसारखे वितळतात, जाळीवर क्लिंकर धरतो, आणि भट्टीवाला पुढच्या खेपेला आपला माल नको म्हणतो. तेव्हा गाडीत भरण्यापूर्वी मुळे दगडावर आपटून माती झटकून घ्यावी.