दिलेल्या वजिराचा हिशेब



बुद्धिबळाच्या पुस्तकातील एखाद्या डावात कोणी आपण होऊन वजीर मारायला दिला आणि पुढच्याच खेळीला मात केली, की आपण मांडीवर थाप मारून ‘वाहवा’ म्हणतो. आणि संध्याकाळी स्वतःच्या डावात तसाच वजीर देऊन बसतो. पुढे काय होते, ते आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. आम्हांला तर चांगलेच ठाऊक आहे. हरल्याचे दुःख दोन घटकांत ओसरते. परंतु ‘धाडस केले आणि तोंडघशी पडलो’ ही समजूत मनात घर करते आणि माणूस पुढे साधी चढाई करायलाही कचरू लागतो. म्हणून थोरांचे चढाईचे डाव वाचावेत कसे, एवढाच प्रश्न आज आपल्यापुढे ठेवायचा आहे.

उदाहरणादाखल एकच जुना डाव घेऊ. १८५८ साली पॅरिसच्या एका नाट्यगृहात संगीतनाटक चालू असताना हा डाव झाला. पांढरे मोहरे अमेरिकेच्या पॉल मॉर्फीकडे होते. वय वर्षे २१. समोर ब्रुन्स्विकचा ड्यूक आणि काउंट इझुआर हे दोघे मिळून, एकमेकांच्या सल्ल्याने खेळत होते. अवघ्या १७ खेळ्यांत डाव संपला. सोळाव्या खेळीला मॉर्फीने वजीर दिला आणि सतराव्या खेळीला हत्तीने मात केली. जगभर लोकांच्या लक्षात राहिली ती ही सोळावी खेळी. आमचे म्हणणे असे, की शिकायचे असेल तर आठव्या खेळीपाशी थांबावे.

त्या वेळी मॉर्फीच्या वजिरासमोर एक प्यादे फुकट पडलेले होते. ते घेतले असते तरी डाव त्याच्याच बाजूला झुकला असता. मात्र काळ्याने शह देऊन वजिरावजिरी करून घेतली असती आणि चढाई तिथेच थंडावली असती. मॉर्फीने प्याद्याकडे पाहिलेही नाही. त्याने घोडा बाहेर काढला आणि नवव्या खेळीला दुसरा उंट. आता मोजदाद करा. पांढऱ्याचे चार मोहरे रणात उतरले आहेत. काळ्याचे दोनच, आणि त्यांतला वजीर आपल्याच उंटाची वाट अडवून उभा आहे. काळा राजा जागच्या जागी, पटाच्या मध्यभागी.

मग दहाव्या खेळीला मॉर्फीने दोन प्याद्यांच्या बदली घोडा दिला. बाराव्या खेळीला किल्लेकोट केला. त्यात राजा सुरक्षित झाला आणि हत्तीही आयता मोकळ्या पट्टीवर आला. तेराव्या खेळीला तो हत्ती त्याने काळ्याच्या घोड्यावर टाकला. काळ्याने हत्तीनेच तो मारताच कोपऱ्यातला दुसरा हत्ती पहिल्याच्या जागी येऊन उभा राहिला. शेवटी त्याच्याजवळ राजा आणि प्यादी सोडली तर एक हत्ती आणि एक उंट एवढेच उरले होते. त्या दोघांनीच मात केली. काळ्याजवळ वजीर, हत्ती, उंट, घोडा असे चार मोहरे होते. परंतु त्यांतला हत्ती आणि उंट डाव संपेपर्यंत मूळ घरावरून हललेच नव्हते! पटावर असलेले मोहरे आणि कामाला लागलेले मोहरे, हे दोन निराळे हिशेब आहेत. मॉर्फीने दुसरा हिशेब केला. वजीर त्याने उधळला नाही. वजिराने शह देऊन बचावाचा शेवटचा घोडा ओढून नेला आणि हत्तीची वाट मोकळी केली, ही त्याची किंमत त्याने वसूल केली.

तेव्हा अभ्यासाची रीत अशी ठेवावी. पट मांडावा, पुस्तकावर कोरा कागद ठेवावा आणि छापलेली खेळी उघडण्यापूर्वी आपली खेळी लिहून काढावी. लिहिताना स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. समोरचा राजा कुठे आहे? माझे किती मोहरे त्याच्यावर चालून जाऊ शकतात आणि त्याचे किती बचावाला येऊ शकतात? मी हे दिले, तर त्याला घेण्यावाचून गत्यंतर आहे काय? आपली खेळी चुकली तर खंत नको. का चुकली, ते शोधताना जे हाती लागते तीच विद्या.

हा तिसरा प्रश्न विशेष महत्त्वाचा. १९९९ साली हॉलंडमधील वाइक आन झे येथे कास्पारोव्हने तोपालोव्हविरुद्ध चोविसाव्या खेळीला हत्ती दिला आणि काळ्या राजाला ओढत पार पांढऱ्याच्या पहिल्या ओळीपर्यंत आणले. डाव अप्रतिमच! परंतु तो हत्ती न घेता राजा एक घर सरकवला असता, तर काळ्याचे काही बिघडत नव्हते, हे मागाहून केलेल्या छाननीत दिसून आले. याने कास्पारोव्ह लहान होत नाही. मात्र जिंकणाऱ्याच्या बाजूने डाव वाचून झाल्यावर पट फिरवून हरणाऱ्याच्या बाजूनेही एकदा बसले पाहिजे, हे त्यावरून कळते. आज संगणक हे उत्तर क्षणात सांगतो. त्याला अवश्य विचारावे; पण स्वतः तासभर डोके खाजवल्यानंतर. उत्तर आधी कळले, तर प्रश्न आपला होतच नाही.

शेवटी एवढेच, की धाडस आणि अविचार हे दुरून सारखेच दिसतात. दोघेही वजीर देतात. फरक मागच्या आठ-दहा साध्या खेळ्यांत असतो, आणि तिकडे टाळ्या वाजवणारे कोणी पाहत नाही. आज घरी गेल्यावर मॉर्फीचा तो डाव मांडा, आठव्या खेळीपाशी थांबा आणि तुम्ही स्वतः काय खेळला असता ते कागदावर प्रामाणिकपणे लिहा. आम्ही प्रथम लिहिले, तेव्हा आम्ही प्यादे घेतले होते.